धमतरीच्या गाडीची चाकं

बाबा, मागच्या आठवड्यात मी घडीवाल्या काकांकडे गेलो होतो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. गोलबाजारातलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिथंच आहे, फक्त समोर आता मोबाइलची कव्हरं लटकतात आणि त्यांचा मुलगा काचा बदलून देतो. काका मागे स्टुलावर बसलेले असतात, कानाला यंत्र लावून. तिथं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी इंजिनाचं सांगावं लागेल, आणि ते मी मागच्या आठवड्यापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तुमच्या सुनेलाही नाही.

तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं ते छोट्या आगगाड्यांचं टेबल. नोकरीभर तुम्ही मालगाडीचे गार्ड, शेवटच्या डब्यात एकटे बसून हिंडलात, आणि घरी आलात की पुन्हा रूळच, हातभर लांबीचे. आई करवादायची, "पाहुणा आला तं त्याले कुठी बसवू, मालडब्यात?" रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला घडीवाले काका आणि शाळेतले गणिताचे सर यायचे, पोहे व्हायचे, आणि मग तिघं साठीकडे झुकलेले बाप्ये सिग्नल कोणी पाडला यावरून भांडायचे. नवा माणूस आला की तुम्ही त्याला विचारायचात, आवडती रेल्वे कोणती? त्यानं सांगितली की म्हणायचात, "ते झालं. आता दुसरी सांग." पहिली सगळ्यांचीच भारी असते, फोटोत पाहिलेली, असं तुमचं म्हणणं. काकांची पहिली दार्जिलिंगची, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. दुसरी गोंदियाहून बालाघाटला जाणारी, जिच्यातून ते लहानपणी मामाकडे जात. सरांची पहिली परदेशातली कुठली तरी बर्फातली. दुसरी सांगायला त्यांनी तीन रविवार घेतले, आणि ती निघाली त्यांच्या घरामागून जाणारी कोळशाच्या वाघिणींची लाईन. तुमची पहिली हावड्याची मोठी लाईन. दुसरी धमतरीची छोटी, अरुंद रुळांची.

नियम तुम्हीच केला होता. पहिलीसाठी सगळ्यांचं मिळून एक मोठं टेबल, त्यावर कलकत्त्याहून आणलेले रूळ आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या. दुसरीसाठी ज्याची त्याची वेगळी फळी, आणि तिच्यावरचं सगळं उरल्यासुरल्या सामानातून, हातानं केलेलं. टेबलावरची गाडी शेजारच्या पोट्ट्यांनीही चालवावी. फळीवरच्या गाडीला मालकाला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुमची फळी कपाटावर असे, अडीच फुटांची. तिच्यावरचं इंजिन दूध पावडरच्या डब्याच्या पत्र्याचं, पोटात टेबलघड्याळाची स्प्रिंग, किल्ली दिली की अडीच फूट जायचं आणि थांबायचं. तुम्ही आणि काकांनी दोन हिवाळे घालवले होते त्याच्यावर. त्या लाईनवर कुरुदला तुमची पहिली नोकरी होती, तीही कच्ची. लग्नानंतर आईला त्याच गाडीनं आणलंत, आणि गाडी इतकी हळू की आईनं उतरून बोरं तोडली असं तुम्ही सांगायचात. आई आतून ओरडायची, "खोटं! चिंचा होत्या."

मला ती फळी आवडायची नाही. आता लिहायला हरकत नाही. तुम्ही पॅसेंजर गाडीचे गार्ड झाला नाहीत, परीक्षेला बसलाच नाहीत, आणि त्याचं तुम्हाला काही वाटत नव्हतं, मला वाटायचं. ती अडीच फुटांची गाडी पाहिली की मला तेच आठवायचं. त्यात नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, भोपाळहून फायलींचे ट्रक आले आणि त्यांच्यामागून साहेब लोक. मी एका नव्या सरकारी दफ्तरात कच्च्या, हंगामी जागेवर लागलो होतो. आमचे साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले की तरुणपणी ते धमतरीला होते, छोट्या गाडीनं जायचे-यायचे. मी ताबडतोब तुमचं नाव पुढे केलं. साहेब म्हणाले, रविवारी येतो बघायला. त्या दिवसापासून मी हवेतच होतो.

मग मला सुचलं ते असं. साहेबांना धमतरीचं इंजिन दाखवायचं, पण कपाटावरच्या फळीवर नाही. मोठ्या टेबलावर, पुलावरून, बोगद्यातून गेलं पाहिजे ते. पण मोठ्या टेबलाच्या रुळांची रुंदी जवळजवळ दुप्पट. म्हणून तुम्ही ड्यूटीवर असताना मी इंजिन पिशवीत घातलं आणि काकांच्या दुकानात नेलं, चाकं रुंद करून द्या म्हणून. तुम्हाला भाऊ म्हणणारे काका भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. "भाऊले विचारलं काय? दुसरीवाली आहे थे." मी म्हणालो, "हो, त्यांनीच सांगितलं." "त्यायनं? चाकं रुंद कराले?" "हो." काकांनी मान हलवली. म्हणाले, "दोन्ही बाजूनं पत्रा कापा लागन. पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही." मी तिसऱ्यांदा हो म्हणालो. तुम्हाला खूश करायला केलं अशी मी नंतर मनाची समजूत घातली. दुसऱ्या नंबरच्या गाडीला मी पहिल्या टेबलावर बसवलं, त्यात वाईट काय, असंही.

रविवारी काका आणि सर नेहमीसारखे आलेलेच असतात, मग साहेब येतात. आईनं नवे कप काढलेत. मी कापडाखालून इंजिन काढतो, किल्ली देतो आणि मोठ्या रुळावर ठेवतो. ते चालतं, बाबा, छान चालतं, पुलावरून जातं. साहेब टाळी वाजवतात. "अरे वाह, ये तो अपनी धमतरी वाली है!" तुम्ही इंजिनाकडे पाहता, त्याच्या पोटाबाहेर आलेल्या चाकांकडे पाहता, आणि साहेबांना अगदी अदबीनं म्हणता, "थी, साहब." साहेबांना काही कळत नाही. ते चहा पिऊन, माझ्या पाठीवर थाप मारून निघून जातात. मग तुम्ही इंजिन तळहातावर घेऊन विचारता, "हे कोणं केलं?" काका माझ्याकडे पाहतात. मी खाली वाकून वायर गुंडाळायला लागतो. ती वायर मघाशीच गुंडाळलेली होती. काका म्हणतात, "म्या." तुम्ही म्हणता, "मले न विचारता?" काका चपला घालतात आणि जातात. सर तेवढे म्हणतात, "अरे, पोहे तं खाऊन जा."

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सर दोनदा आले, पण तिसरा गडी नसला की भांडणात मजा नव्हती, तेही थांबले. टेबलावर चादर पडली आणि चादरीवर आईचे पापड. मी कायम झालो, साहेबांच्या कृपेनं म्हणा. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा महादेव घाटावर काका लोकांच्या मागे एकटे उभे होते, आणि मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचा धीर झाला नाही. वीस वर्षांची मैत्री माझ्या एका खोट्यानं तुटली, एवढं मी तेव्हापासून धरून चाललो होतो. छोटी लाईन शहरातून काढली, तिच्या जागी रस्ता झाला, त्या रस्त्यानं मी रोज नव्या रायपूरच्या दफ्तरात गेलो, आणि रिटायर झालो. नातवंडांना मराठीत सांगितलं की इथून आगगाडी जायची, तर ती म्हणतात, "सच में, आजोबा?"

तर मागच्या आठवड्यात. मी काकांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तुम्ही हो म्हटलंच नव्हतं, मी खोटं बोललो होतो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हव, मालूम आहे मले. भाऊलेही मालूम होतं." मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "सोमवारीच आला होता भाऊ दुकानात. विचारलं, पोट्ट्यानं तुले काय सांगितलं होतं? म्या सांगितलं. चाय पेला. मंग म्हणे, काही दिवस घरी येऊ नको. तू समोर असला तं त्याले बोलता येणार नाही. सांगन थो मले. त्यानं सांगितलं का मीच बोलवाले येतो तुले." मी विचारलं, किती दिवस म्हणाले होते? "दोन-तीन रविवार लागतीन म्हणे." मग तुम्ही दोघं दुकानात तरी भेटत होतात का, असं मी विचारलं. काकांनी मान हलवली. "नाही. म्हणे, लपून भेटलो तं थेही खोटंच झालं."

मी तिथं त्या मोबाइलच्या कव्हरांमध्ये रडलो, बाबा, साठी उलटलेला माणूस. काकांचा मुलगा पाणी घेऊन आला. तुम्ही रागावला नव्हता, काकांशी तर अजिबात नाही. तुम्ही माझी वाट पाहत होता, दोघंही, आपापल्या घरात बसून, आणि त्यातच तुमची दोन वर्षं गेली. त्यापेक्षा तुम्ही माझ्या एक कानफटात द्यायला हवी होती. मला तुमचा राग येतो आहे, आणि तो यायला मला तोंड नाही. काका म्हणाले, आता तरी लिही त्याले. म्हणून लिहिलं. पाठवायचा काही प्रश्न नाही, कपाटात ठेवीन.

एक मात्र काकांनाही सांगितलं नाही. मी एकदा तुमच्याकडे सांगायला आलो होतो. तो तिसराच रविवार असेल. तुम्ही चादर टाकलेल्या टेबलाशेजारी पेपर वाचत बसला होता. मी दारात उभा राहिलो, सगळं तोंडाशी आणून. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात, चष्मा काढलात आणि बाकावर सरकून मला जागा केलीत. "बोल," म्हणालात. मी म्हणालो, "आई विचारून राहिली, पोहे करू का उपमा?" तुम्ही पुन्हा चष्मा लावलात आणि म्हणालात, "काहीही चालन." आईनं काही विचारलंच नव्हतं.