पैलवानाचं हसू

लिंबागणेश, कार्तिक वद्य पंचमी

आज चावडीवर हात वर करून पंच निवडला. आमचे भाऊजी, धाकटे दीर, एका हातानं पडले. उघड्या विहिरीला कठडा बांधून घ्यायचा म्हणून उभे राहिले होते. समोर उभ्या असलेल्या देशमुखांनी आपल्यासाठी नामी पैलवान आणला. तो म्हणाला, "देशमुखांसाठी हात वर करा," आणि अर्ध्या गावाबरोबर भाऊजींचाही हात वर गेला. स्वतःविरुद्ध.

जेवताना विचारलं, "कावून केलं असं?"

"वैनी, त्यो माज्याकडं बघून हसला."

"म्हणून?"

"लई मोठा मानूस हाय."

रागवायचं होतं, पण भाकरी वाढली त्याच हातावर. दुपारी मीही घराच्या माळवदावरून चावडीकडं बघत होते. पैलवान वर बघून हसला, तेव्हा मी पदर सावरला. बायकांना तिथं हात वर करायचा नसतो. असता, तर माझा खाली राहिला असता का?