खुंटीवरची माळ

बुसान, दक्षिण कोरिया
१७ नोव्हेंबर २०२४

ती. नर्मदाआत्यास निकिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, म्हणजे त्याचा फोटो पोचला. दुसऱ्या पानावर तुझा अंगठा आलाय, त्याखालच्या दोन ओळी अंदाजाने वाचल्या. पण आपली ही पद्धतच बरी. फोनवर बोलायचं म्हटलं की आई स्पीकर लावते, मग बाबा, शेजारची तानुबाई आणि दूध घालायला आलेला माणूस असे सगळे मिळून माझ्याशी बोलतात. कागदावर आपण दोघीच.

जेवणाची काळजी सोड. इथे भाजीच्या सूपमध्ये वाळलेल्या मासळीचं पाणी असतं, कोबीच्या लोणच्यातही मासळीचा अर्क. म्हणून स्वतःचा पत्ता सांगायला शिकायच्या आधी मी इथल्या भाषेतलं एक वाक्य पाठ केलं: मांस नको, मासा नको, माशाचं पाणीसुद्धा नको. खाणावळीतल्या बाया ते ऐकून माझ्याकडे दुखणाईत माणसाकडे बघावं तसं बघतात आणि भात, काकडी, भाजलेले तीळ पुढे ठेवतात. एकीने तर परवा पाठीवरून हात फिरवला.

माझं यूट्यूबचं चॅनल बरं चाललंय. शाकाहारी माणसाने इथे काय खावं, हे बघणारे पुष्कळ निघाले. मधूनमधून माझं वेड असतंच, त्या पाच पोरींच्या बँडचं. त्यांच्या गाण्यांवर नाचणारा आमचा एक गट आहे, दर रविवारी समुद्राजवळच्या हॉलमध्ये सराव असतो. मी शेवटच्या रांगेत असते, पण असते. मागच्या महिन्यात त्यांचा कार्यक्रमही पाहिला. घसा बसेपर्यंत ओरडले. आईला सांगू नको, ती तिकिटाचं विचारेल.

तू दिलेल्या ज्वारीच्या पिठाचं थालीपीठ केलं, त्याचा व्हिडिओ काल टाकलाय. माझी खोली कशी आहे विचारत होतीस, ती त्यात दिसेल. आणि आत्या, व्हिडिओ आवडला की अंगठा एकदाच दाबायचा. तू दोनदा दाबतेस, दुसऱ्यांदा दाबला की पहिला पुसला जातो.

माया तुझ्या पिठल्यासारखी घट्ट राहू दे, पातळ करू नको.

तुझी
निकिता


ताडकळस, जि. परभणी
२८ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगठा एकदाच दाबला. इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुझी आई सत्यशीला रोज शेतात जाते, मी घरचं बघते. तुझ्या बापाचा, रंगनाथचा गुडघा बरा आहे, पण तो बरा आहे म्हणत नाही. तुझ्या त्या पाच पोरींची गाणी मी भाकरी करताना लावते. शब्द एक कळत नाही, पण सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं ते बघून भजनातली पावली आठवते. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते.

परवा एकादशीला भजन संपल्यावर मीच बायकांना थांबवलं. मारुतीच्या मंदिरात नवा टीव्ही बसवलाय, फोनमधलं चित्र त्यावर दिसतं. आपली पोरगी परमुलखात ज्वारीचं थालीपीठ खाती, बघा म्हणलं. लय ताठ्यात होते. बायका कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात तानुबाईने माझ्या हातातून फोन घेऊन चित्र थांबवलं. तिच्या लेकाने, भुजंगने मोबाइलचं दुकान टाकल्यापासून तिला सगळं येतं. तुझ्या दाराजवळ खुंटी, खुंटीला त्या बँडच्या कार्यक्रमात हलवतात ती चमकणारी काठी, आणि काठीशेजारी तुळशीची माळ. तुझा गळा मोकळा.

आपल्याकडे खुंटीवरची माळ म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आपल्या गल्लीतला आश्रुबा जत्रेच्या दिवशी माळ खुंटीला लावतो, मटण खातो, दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालतो. पोरंसोरं त्याची खुंटी बघूनच सांगतात की आज काय शिजलंय.

सगळ्या माझ्याकडे बघायल्या. रंगनाथ तुला पाठवायला तयार नव्हता, तेव्हा त्याच मंडपात, याच बायकांसमोर मी ती माळ तुझ्या गळ्यात घातली होती आणि पोरीच्या खाण्यापिण्याची हमी माझी म्हणाले होते. त्यावर तो राजी झाला. परवा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं की तिचा दोरा तुटलाय, तिने मला कळवलं होतं, ओवायला सवड नाही म्हणून अडकवून ठेवलीय. तानुबाई म्हणाली, असं होय, मग ठीक हाय.

निके, गळ्यात माळ असताना मी मंदिरात उभी राहून खोटं बोलले. तेव्हापासून टाळ हातात धरवत नाही. भजन मी पुढे उभं राहून म्हणते, पण काल घसा दुखतो म्हणून मागे बसले. तेही खोटंच.

एकच विचारते. खाल्लंस का? खाल्लं असशील तर सरळ लिही. मी ओरडणार नाही, रंगनाथला बोलणार नाही. पण हमी मोडली असेल तर मला माझी माळ उतरवावी लागेल. मी तसं मानते. म्हणून खरं पाहिजे.

अंगात स्वेटर घालत जा. राग नाही, वाट बघते आहे.

तुझी
आत्या


बुसान
३० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

नाही खाल्लं. एकदाही नाही. चुकूनही नाही, कारण चुकायची एवढी भीती वाटते की मी मिठाच्या पुडीवरचंही वाचते. तुझी हमी जशीच्या तशी आहे. माळ उतरवू नको.

इथेच पत्र संपवावं असं वाटत होतं. एवढं वाचून तुझं समाधान झालं असतं. पण तू खरं मागितलंस.

सरावाच्या हॉलमध्ये एका बाजूची अख्खी भिंत आरशाची आहे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही सगळ्याजणी ओळीने उभ्या होतो. मी आरशात बघितलं आणि मला फक्त माझा गळा दिसला. सगळ्यांचे गळे मोकळे आणि माझ्या गळ्यात माळ. कुणी हसलं नाही. कुणी विचारलंही नाही. एकीने तर पाण्याची बाटली पुढे केली. तरी मी बाथरूममध्ये जाऊन माळ काढली आणि पिशवीत टाकली.

मग सरावापुरती काढायला लागले. मग व्हिडिओपुरती, कारण व्हिडिओ त्या मुलीही बघतात. दाराजवळ खुंटी होतीच. तिथे अडकवताना ताडकळसमध्ये याचा काय अर्थ होतो, हे मनातही आलं नाही. आणि अलीकडे अलीकडे, आत्या, सकाळी घालायचीही राहून जाते.

मासा खाल्ला असता तर सांगणं सोपं गेलं असतं. भूक लागली होती म्हणाले असते. भूक नव्हती. तू घातलेल्या वस्तूची मला लाज वाटली, आणि तू मात्र माझ्यासाठी देवासमोर खोटं बोललीस. थालीपीठ दाखवून लोकांकडून शाबासकी घेत होते, मागे माळ खुंटीला लटकत होती.

मी काय करू, ते सांग. रागाव तरी.

तुझी, आहे तशी,
निकिता


बुसान
५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र फोटो काढून पाठवत नाही, डबीसोबत पोस्टाने येतंय. माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मला सुचलं ते मी केलं.

आज सकाळी आंघोळ करून मी माळेचा दोरा कात्रीने कापला. सगळे मणी या डबीत आहेत, दोराही आहे. डबी कोरी आहे, तिच्यात आधी काही नव्हतं, तरीही तीनदा धुतली. तू दोरा तुटला म्हणाली होतीस, आता तो तुटलेला आहे. बायकांना डबी दाखव आणि पुढे उभी राहा. तुझं बोलणं खोटं राहू नये एवढंच मला जमण्यासारखं होतं.

इथून दुसरं काय पाठवू.

तुझी
निकिता


ताडकळस
१२ डिसेंबर २०२४

चि. निकितास अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी जीव हलका झाला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जड झाला. तू लाज वाटली ते लिहिलंस. मी मात्र अजून घसा दुखतो म्हणून मागे बसत होते. तुझ्यापेक्षा पोक्त बाई, आणि धीर तुझ्यात निघाला.

काल एकादशी होती. भजनाच्या आधी उभी राहिले आणि सांगून टाकलं की दोरा तुटला नव्हता, मी खोटं बोलले. सरजाबाईने विचारलं, मग पोरीने खाल्लं म्हणायचं का? मी म्हणलं, खाल्लं नाही, तिला चारचौघींत माळेची लाज वाटली. मग सरजाबाईच खाली बघत म्हणाली की पुण्याला लेकाकडे जाते तेव्हा लिफ्टमध्ये मीही पदर गळ्यावर ओढून घेते. दोघीतिघींनी माना हलवल्या.

तानुबाईने मात्र सोडलं नाही. पोरीचं राहू दे, पण माळ घालून तू खोटं बोललीस, तेव्हा काही दिवस मागेच बस म्हणाली. मला ते पटलं. मग भजन तिनेच म्हणलं. सूर एवढा वर धरला की दुसऱ्या ओळीला सगळ्या खोकायला लागल्या.

रंगनाथलाही सांगितलं. त्याने गुडघा चोळला. मग विचारलं, खोलीत शेगडी हाय का तिच्या.

तू आता काही करू नको. जेवत जा. पत्राच्या कडेला जागा उरली आहे तेवढा आशीर्वाद जास्तीचा समज.

तुझी
आत्या


बुसान
१२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. तुझं पत्र आत्ता वाचलं. मी मागच्या आठवड्यात पोस्टाने एक डबी पाठवलीय. ती घरी आली की एकटी असताना उघड, किंवा उघडूच नको. तू खरं सांगून मोकळी झालीस आणि मी तुझं खोटं खरं करायला निघाले होते. बायकांच्या हाती ती लागली तर त्यांना वाटेल आपण दोघींनी ठरवून केलं.

मला खरंच शहाणपण नाही.

निकिता


ताडकळस
२९ डिसेंबर २०२४

चि. निकितास अनेक उत्तम आशीर्वाद.

डबी आली. पोस्टमन घराकडे जायच्या ऐवजी मंदिरातच आला, कारण या वेळेला मी तिथे असते हे त्याला ठाऊक. परदेशातून आलेलं म्हणल्यावर बायका भोवती जमल्या. तुझं पत्र आठवलं. डबी पदराखाली घ्यावी असं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच तिथे उघडली. झाकून ठेवायचा कंटाळा आला होता.

मणी बघून तानुबाईने एक उचलला. म्हणाली, म्हणजे नर्मदे, दोरा तुटला होता खरा, तू उगं स्वतःवर घेतलंस. सगळ्यांचे चेहरे उजळले. ती टाळ माझ्या हातात द्यायला लागली. तू ज्यासाठी डबी पाठवलीस ते समोर होतं बघ, हात पुढे केला की झालं.

मी डबीतला दोरा काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि टोक दाखवलं. तुटलेल्या दोऱ्याचे धागे सुटतात, याचं टोक कापलेलं आहे. पोरीने माझं खोटं झाकायला स्वतःच्या हाताने कापलंय म्हणलं. तानुबाई ते टोक बोटावर फिरवत राहिली. टाळ तिने परत घेतले. पण भजन झाल्यावर घरी गेली नाही. माझ्याजवळ येऊन बसली, नवा दोरा मागवला, आणि आम्ही दोघींनी मिळून माळ ओवली. तिची नजर चांगली आहे, माझी नाही. ओवता ओवता म्हणाली की भुजंगच्या दुकानात बसते तेव्हा तिलाही तुझी ती गाणी ऐकू येतात, वाईट नसतात.

मी अजून मागेच बसते. मागून सगळ्यांचे सूर ऐकू येतात, ते पुढे उभं राहून कधी कळलं नव्हतं. बोलावतील तेव्हा जाईन.

आता माळेचं. तुला पाठवत नाही. मागच्या वेळी मी घातली, तू मान पुढे केलीस, तुला पाहिजे का हे मी विचारलंच नाही. रंगनाथने जाऊ द्यावं म्हणून घातली होती, आणि हमी घेण्यात माझाही मान होता. चूक तुझ्या एकटीची नाही. नाचायला जा, आरशासमोर मोकळ्या गळ्याने उभी राहा, मासा नको म्हणायचं ते म्हणत राहा. त्याला माळ लागत नाही, हे तूच दाखवलंस.

आणि माळ खुंटीवर ठेवलेली नाही. माझ्या गळ्यात आहे, माझ्या माळेशेजारी. दोन घातल्या म्हणून बायका हसतात, हसू दे. तुला पाहिजे वाटली तर माग, काढून देईन. नाही मागितलीस तरी मला तिचं ओझं नाही.

थालीपिठाला पीठ संपलं असेल तर कळव. लोभ मागायचा नसतो, तो आहे.

तुझी
नर्मदाआत्या