अँबॅसडरच्या पोटात टेम्पोचं इंजिन

१८ ऑक्टो. २००१, गुरु.
जिन्याखाली नवी पाटी. ‘बंद वाहनांनी अडवलेल्या जागा दसऱ्यास सकाळी ११ वाजता प्रतीक्षा यादीप्रमाणे देण्यात येतील.’ नाव कुणाचं नाही, पण सोसायटीत बंद वाहन एकच, आमची अँबॅसडर. पेट्रोल इंजिन संपलंय, कबूल. गाडी संपलेली नाही. दसऱ्याला लोकांच्या नव्या गाड्या येणार, त्यांना जागा हवी. तसं लिहा ना सरळ.
सेक्रेटरी ठोसर भेटले. “अहो जगताप, भंगारवाले हल्ली घरी येऊन नेतात.” म्हटलं, “फक्त लोखंड नेतात हो, नाहीतर आपलं नाव सुचवलं असतं.”
ठरलं. दोन लिटरचं जुनं डिझेल इंजिन बसवायचं. आरटीओची परवानगी मागेच काढून ठेवलीय. चिरंजीव निखिल (वरचा फ्लॅट त्याचा, स्वतःच्या कमाईचा) म्हणाला, “बाबा, वर्थ नाहीये. गाडीच बदला.” त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत दर दोन वर्षांनी सगळंच बदलतात.

२० शनि.
लोणी काळभोर. उलटलेल्या टेम्पोचं इंजिन, सुरू करून दाखवलं. मालक म्हणे, “शेठ, मशीन झकास हाय, डोळं झाकून न्या.” डोळे झाकलेच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. तिसऱ्या सिलिंडरला टिकटिक. टॅपेट ढिला. मालक बघतच राहिला. तीस वर्षं लेथपाशी उभं राहून माझे कान गेले नाहीत, तयार झाले. पावती नंबरासकट घेतली.

२२ सोम.
हडपसर, माझं वर्कशॉप. गाडी ओढून आणली. नवं इंजिन लांब, उंच, जड. वसंत मिस्त्री, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, म्हणाला, “शेठ, बकरीच्या गोठ्यात म्हैस बांधताय.” रेडिएटर पुढे सरकवला. पुढच्या स्प्रिंगा जाड घातल्या. टॅपेट लावला, टिकटिक गेली. म्हैस बसणार.

२४ बुध.
इंजिन खाली सोडून पाहिलं. बॉनेट लागत नाही! उंची मीच मोजली होती, एअर फिल्टर न चढवता. वसंतनं फिल्टर पुसून बाजूला ठेवला. बोलला असता तर बरं वाटलं असतं. बॉनेटचं नंतर बघू. इंजिन परत चेनवर उचलून ठेवलंय. इंजिन ज्यावर बसतं ते एक माउंटिंग वेल्डिंगला गेलंय, उद्या सकाळी येईल. मग चार बोल्ट, की झालं.
संध्याकाळी जिन्यात ठोसरांचा आवाज, वरच्या मजल्यावरून: “पहिलं नाव तुमचंच आहे निखिल, काळजी करू नका.” हिला विचारलं. हिला माहीत होतं. “त्यानं सांगू नकोस म्हटलं होतं.” त्याची नवी गाडी दसऱ्याला येतेय. म्हणजे माझी जागा माझ्याच…

२५ गुरु.
आज खंडेनवमी. साफ विसरलो होतो. शेडमध्ये गेलो तर सगळे पाने, हातोडे ओळीनं मांडलेले, हळदकुंकू लावून. चेन-ब्लॉकला झेंडूचा हार आणि खाली आमचं इंजिन लटकलेलं. माउंटिंग आलंय. चार बोल्ट.
आज हत्याराला हात लावायचा नाही हा नियम माझाच, शेड घातली तेव्हापासूनचा. त्यापायी मोठं गिऱ्हाईक परत पाठवलंय एकदा.
वसंत म्हणाला, “तुम्ही म्हणाल तर पाना उचलतो.” माझ्याकडे न बघता.
नाही म्हटलं. पाटीशी भांडायचं, पण स्वतःचा नियम मोडून नाही. पेढे वाटले. घरी आलो.

२६ शुक्र. दसरा.
सकाळी पूजा उतरवली. ९.५० ला पहिला आवाज. काळा धूर, मग स्वच्छ. बॉनेट टपावर दोरीनं बांधलं. घरी कर्वेनगरपर्यंत प्रत्येक सिग्नलला लोक वाकून बघत होते. मी काच खालीच ठेवली.
११.१०. माझ्या जागेवर निखिलची लाल गाडी, हार घातलेली.
ठोसर घड्याळ दाखवत: “दहा मिनिटं उशीर. शिवाय बॉनेट नाही.”
“पाटीवर बंद वाहन म्हटलंय. हे बंद वाटतं?” अॅक्सिलरेटर दाबला. दोन गॅलऱ्या माणसांनी भरल्या.
निखिल खाली आला. “बाबा, काढतो मी गाडी.”
“नको. जागा मला दया म्हणून नकोय.”
ठोसरांनी विषय रविवारच्या सभेत ढकलला. मतदान. माझी गाडी तोवर रस्त्यावर.

२७ शनि.
ही म्हणते, निखिलशी बोला, त्याचंही मत आहे. नाही बोलणार. त्याचं मत त्याचं.
सकाळी खाली जाऊन गाडी सुरू केली. अर्ध्या सेल्फला लागली. वर पाहिलं, निखिल गॅलरीत, ब्रश तोंडात. इंजिन गरम व्हायला दोन मिनिटं पुरली असती, दहा मिनिटं चालू ठेवली. तो आत गेला नाही.