शिलाचे पूर्ण नाव

मी, थावरा धनसिंग राठोड, वय अंदाजे अठ्ठावन्न, धर्म ख्रिस्ती, धंदा चपला शिवणे, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी पढवलेले नाही, कुणी दटावलेले नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही. माझ्या आजाराचा विषय मागाहून कुणी काढू नये म्हणून मीच काढतो. मला महारोग झाला होता. १९९३ साली औषध पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी बरा झाल्याचा दाखला दिला. तो पत्र्याच्या पेटीत आहे.

१. बाळापुरात नांदेड रस्त्याला लागून असलेले माझे दोन खोल्यांचे घर, मागच्या मोरीसह व लिंबाच्या झाडासह, माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी माझी एकुलती मुलगी शिला हिला देत आहे. तिचे नाव इथे लिहायला मला सहा महिने लागले. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

शिला तीन वर्षांची असताना तिची आई जमनाबाई तापाने गेली. पुढच्याच वर्षी, १९९१ साली, माझ्या अंगावर चट्टे उठले, बोटे वाकू लागली. धाकटा भाऊ ओमप्रकाश याने मला तांड्याबाहेर झोपडी घालून दिली आणि शिलाला आपल्या घरी नेले. त्याने तिला कधी उपाशी ठेवले नाही, हे मी कबूल करतो.

मी मिशनच्या दवाखान्यात गेलो. तिथे जेवायला सगळ्यांपासून लांब, नळापाशी बसायचो. एके दिवशी नर्स सोजराबाई आपले ताट घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या.

“इथं काहून बसतोस रोज?”

“मी आता कामाचा न्हाई राहिलो, बाई. औत धरता येत न्हाई. कुणाला हात लावायची सोय न्हाई.”

“प्रभू येशूनं महारोग्याला आधी हात लावला, मग बरं केलं,” त्या म्हणाल्या. “तो बरा व्हायची वाट न्हाई पाहिली. कामाचं नंतर बघू. आधी जेव.”

आणि त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली. बाप्तिस्मा मी तीन वर्षांनी घेतला, पण माझा विश्वास त्या जेवणापासून धरावा.

दवाखान्यातच मी बधिर पायांसाठी मऊ तळाच्या चपला करायला शिकलो. बाळापुरात चपलांचे दुकानदार अल्लाबक्ष यांनी मला ओट्यावर बसू दिले. गिऱ्हाईक तुटेल असे लोकांनी त्यांना सांगितले. “तुटू द्या,” एवढेच ते म्हणाले.

२००६ च्या उन्हाळ्यात ओमप्रकाश आला. म्हणाला, “पोरीचं औंढ्याला जमून राहिलं. तू लग्नाला येऊ नको.” मी बरे म्हणालो. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या हातात लग्नपत्रिका दिसली. शिलाच्या नावापुढे छापले होते: कै. थावरा धनसिंग राठोड यांची कन्या.

न येणे मी मान्य केले होते. मरणे मान्य केले नव्हते. दोन दिवस चामडे कापायची रापी हातात धरवली नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सोजराबाईंपुढे पत्रिका ठेवली. त्यांनी ती वाचली.

“पत्रिका तुझ्या भावानं छापली, थावरा,” त्या म्हणाल्या. “तुला काही त्यानं घडवलं न्हाई.”

तोवर मी समजत होतो, की चपला चांगल्या होतात म्हणून मी माणसांत आलो. त्या दिवशी हातात काम नव्हते, बाप म्हणूनही जागा नव्हती, तरी देवाच्या लेखी मी होतो तेवढाच होतो. ज्याने माझ्यासाठी जीव दिला त्याने माझे हात तपासून तो दिला नव्हता. हे उमजायला मला पंधरा वर्षे लागली.

घर शिलाच्या नावे केले तर तिच्या सासरी सगळे उघड होईल, म्हणून तिला निरोप धाडला: नको असेल तर चर्चला देतो. गेल्या गुरुवारी ती नवऱ्यासह दारात उभी राहिली. मी तिला चार वर्षांची पाहिलेली. आईसारखी कपाळावर आठी घालून म्हणाली, “बापू, मी ह्यांना लग्नानंतर महिन्यातच सारं सांगितलंय. लिहा. माझं नाव पुरं लिहा.”

जावई संतोष माझ्या पाया पडले. मी पाय मागे घेऊ लागलो, तर त्यांनी धरून ठेवले. “मामा, घरी माझे वडील चिडलेत,” ते म्हणाले. “चिडू द्या. ते मी बघतो.”

म्हणून लिहितो: घराची मालक शिला, थावरा व जमनाबाई राठोड यांची मुलगी, संतोष चव्हाण यांची पत्नी, राहणार औंढा नागनाथ.

२. रापी, आऱ्या, लाकडी फरमे व शिवणयंत्र अल्लाबक्ष यांचा मुलगा साजीद याला. अट एकच: बधिर पायाचे माप उभ्याने घेऊ नये. खाली बसावे, पाय हातात घ्यावा.

३. पोस्टातील शिल्लक दवाखान्यातल्या चपलांच्या कामासाठी.

४. तांड्यावरच्या शेतातला माझा वाटा ओमप्रकाश कसतो. तो त्याचाच राहू द्यावा. मी त्याला क्षमा केली आहे. सहज झाली नाही, अजूनही एखाद्या दिवशी पुन्हा करावी लागते. माझ्या मयतीला तो आला तर त्याला शिलाशेजारी उभे करावे. काही विचारू नये.

५. मला हिंगोलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे. प्रार्थनेत माझ्या आजाराचे नाव खुशाल घ्यावे. बिचारा म्हणू नये.

बोटे वाकडी असल्याने पेन चामड्याच्या पट्टीने हाताला बांधून सही केली आहे. अक्षर हलले तरी सही माझीच. कागद शिलाने धरून ठेवला होता.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: १४ ऑक्टोबर २००७

(सही) थावरा धनसिंग राठोड

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही करणारा पूर्ण शुद्धीवर होता.

साक्षीदार:
१. (सही) अमृतराव साळवे, पाळक, हिंगोली
२. (सही) अल्लाबक्ष, चपलांचे दुकानदार, आखाडा बाळापूर