न कळलेल्याला ‘होय’

आई, आज ऑफिसात पडद्यावर दाखवायचं एकच वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. सोबतचे हसतात मला. त्यांना तुझी गोष्ट ठाऊक नाही.

काटेवाडीचं आपलं स्वयंपाकघर. टेबलावर, पिठाच्या डब्याला खेटून, मी बारामतीतून आणलेला जुना कॉम्प्युटर. त्यात लिनक्स घातलेली. कुणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी, चुकलेलं दुरुस्त करावं अशी प्रणाली. तेव्हा ती आपल्याकडे नवीनच होती, आणि तिला मराठी शिकवायचं, म्हणजे तिची पडद्यावरची इंग्रजी वाक्यं मराठीत लिहून पाठवायचं काम आम्ही काही पोरंपोरी हौसेनं करत होतो. तू अंगणवाडीची सेविका. मुलांच्या वजनांची यादी तू त्यावर करायला घेतलीस, एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत. तीन दुपारी बसलीस. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून येते, तर तू पडद्यासमोर बसलेली. यादी गेली होती.

“कायतरी इचारलं त्यानं. मी होय दाबलं.”

काय विचारलं असेल ते मला पाठ होतं : ‘निवडलेली धारिका विलोपित करावयाची आहे काय?’

“कळलं नाही तर होय कशाला दाबायचं?” मी ओरडलेच.

तू शांतपणे बघितलंस. “न कळलेल्याला होयच म्हणत आलो की गं आपण. कचेरीत, दवाखान्यात, समद्या ठिकाणी. न्हाय म्हणायला आधी कळाय लागतं.” मग पदराला हात पुसत म्हणालीस, “कुणी लिवलंय हे?”

“असेल कुणीतरी पुण्याचा.”

“मग कळव त्याला. म्हणावं, सरळ इचार : ‘ही फाईल पुसून टाकू का? पुसली तर परत मिळायची न्हाय.’”

त्या संध्याकाळी आपण दोघींनी वजनाच्या वहीवरून यादी पुन्हा भरली. मी वाचत होते, तू दाबत होतीस. तुझं वाक्य मी तसंच पाठवलं, फक्त ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं. काही महिन्यांनी ते पडद्यावर आलं, तेव्हा तू चष्मा लावून दोनदा वाचलंस. “माणूस चांगला हाय बघ. ऐकलं त्यानं.”

आई, हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पुण्याचा माणूस कुणी नव्हताच. ते पहिलं वाक्य माझं होतं. मला भारी मराठी येतं हे दाखवायला लिहिलेलं. तू होतीस तोवर सांगू शकले असते. पण तू त्याला चांगला म्हणालीस, आणि ते मला गमवायचं नव्हतं.