लादोगा स्टेशनवर उतरल्यावर

वासिलयेव्स्की बेट, पीटर्सबर्ग
१२ मे

प्रिय लीदा,

आज एकटीनं चादरी पिळताना तुझ्या आईच्या अंगणातली दुपार आठवली. माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. चादरीचं एक टोक तुझ्या हातात, दुसरं माझ्या. नवी सून म्हणून मी जीव तोडून पिळत होते आणि तू मुद्दाम टोक सोडून दिलंस. मी थेट बटाट्याच्या वाफ्यात. गेना खिडकीतून ओरडला, "ताई, माझी बायको मोडू नकोस, अजून नवी आहे." तू म्हणालीस, "टिकाऊ आहे का, ते बघत होते."

तुझे गुडघे कसे आहेत? माझा रक्तदाब गोळ्यांनी ताळ्यावर आहे. तुझ्या आवडीचे कोर्युश्का मासे तू येईपर्यंत बाजारातून गेलेले असतील, म्हणून एक बरणी व्हिनेगरात मुरवून ठेवली आहे.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी इथे पोहोचेल अशी गाडी घे. गेनाच्या मर्तिकाला तुझ्या पावेलनं तुला मोटारीनं आणलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. आगगाडीनं एकटी येणार आहेस, म्हणून नीट लिहिते. रात्री पोहोचणारी गाडी नको. रात्री नेवा नदीवरचे पूल जहाजांसाठी उघडतात आणि बेटावरची माणसं पलीकडेच अडकून पडतात.

लादोगा स्टेशनवर उतरलीस की टॅक्सीवाल्यांकडे बघू नकोस. मेट्रो तिथेच खाली आहे. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवायचं, खिडकीच्या रांगेत उभं राहायचं नाही. अलेक्झांडर नेव्स्की चौकात गाडी बदल. तिथे फलाटावर रूळ दिसणार नाहीत, नुसती भिंत दिसेल. घाबरू नकोस. भिंतीत लोखंडी दारं आहेत, गाडी आली की ती उघडतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभी राहा, डावीकडून तरणी पोरं धावतात. लोकरी जाकीट आण आणि छत्रीही. इथल्या जूनचा काही नेम नाही.

खरं तर यातलं काही तुला करावं लागणार नाही. स्टेशनवर माणूस येईल. उंच, करडी टोपी, किंचित पोक काढून चालणारे. अर्काडी ल्वोविच. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आयुष्यभर ट्राम चालवली. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. वरचा अर्धा मजकूर त्यांचाच आहे. मी बसचा नंबर लिहायला घेतला, तर म्हणाले, "तमारा पेत्रोव्हना, बस सांगू नका. बस पुलावर अडकते."

मी म्हटलं, "तुम्हाला ट्रामशिवाय कधी काही वेळेवर येताना दिसलंय का?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही केव्हाच्या मेट्रोतच आहात. वर कधी येणार?"

तर वर येते, लीदा.

आमच्या मेट्रोच्या दाराशी म्हाताऱ्या फुलं विकतात. गेनासाठी चार कार्नेशन घे. शुक्रवारीच दुपारी आपण त्याच्या कबरीवर जाऊ. आणि आणखी पाच घे, वेगळी बांधून. मेलेल्याला सम आणि जिवंताला विषम, हे मी तुला काय सांगायचं. ती पाच माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नोंदणी कार्यालयात अर्काडी ल्वोविच आणि मी लग्न करणार आहोत.

आता तू चष्मा काढून ठेवला असशील. मर्तिकाच्या जेवणात तू शेजारच्या झिनाबद्दल बोललेलं मला शब्दन् शब्द आठवतं. "नवऱ्याच्या उशीतला खळगा भरला नाही, तोवर नवं डोकं आलं." सगळे हसले. मीही हसले. माझ्याबद्दल तसं म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण. मी ऐकून घेईन, आणि मग आपण जेवू. पण तिथे बसून म्हणू नकोस. माहेरचं माझं कुणी उरलेलं नाही. माझ्या बाजूनं उभं राहायला तूच आहेस. तू आली नाहीस तरी लग्न होईल, पण त्या दालनात मी पाहुण्यासारखी उभी असेन.

एकच सांगते. गेल्या वसंतात गेनाच्या कबरीच्या कुंपणाला रंग अर्काडी ल्वोविचनी दिला. मी पोहोचले तर हात कोपरापर्यंत निळे. म्हणाले, "गेनादी इव्हानोविचना विचारून निळा घेतला."

"मग काय म्हणाले ते?"

"नाही म्हणाले नाहीत."

सहा वर्षांत त्या कबरीपाशी मी पहिल्यांदा हसले.

लग्नानंतर मी वरच्या मजल्यावर राहायला जाईन. म्हणून गेनाच्या वस्तू बाहेर काढल्या आहेत. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट आणि मासेमारीची पेटी पावेलला. गळ मात्र आधी मोज म्हणावं, गंजलेले फेकून दे. मेंढीच्या कातडीचा कोट तुला, कमरेत घेतलास की बसेल. बुद्धिबळाचा पट खालच्या डॉक्टरांना, ते गेनाशी हरूनही दर रविवारी यायचे. त्याचं मनगटी घड्याळ तुझ्या नातवाला, शाळा संपल्यावर, त्याआधी नाही.

कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, लग्नानंतर आडनाव कोणतं लावणार? अर्काडी ल्वोविचना आधीच विचारलं होतं, त्यांची हरकत नाही. गेनाचं आडनाव तेवढं मी कुणालाही देणार नाही.

तुझीच वहिनी,
तमारा शेस्ताकोवा