पेटीवर वाळत घातलेली गोधडी

ज्ञानू, उठलीस ना? ही तुझ्या आबाची चिठ्ठी. एवढ्यात अंथरुणातून निघू नकोस. आधी मनातल्या मनात बघ. प्रवरेवर धुकं उतरलंय. पुलापलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून चुलींचा धूर निघतोय. धुकं कुठलं आणि धूर कुठला, ते कळत नाही. त्यातून तुझा आबा चाललाय, तुझी गोधडी शोधत.

काल त्यानेच ती धुऊन गल्लीतल्या पेटीवर वाळत घातली. नको ते ठेवा, लागेल ते न्या, अशी ती पेटी. मग नेणाऱ्याची काय चूक? तू मात्र गोधडीवाचून रडत झोपलीस.

एका कोपीत ती सापडली. तिच्याखाली तान्हं बाळ झोपलं होतं. त्याची आई ओशाळली.

"बाबा, पेटीवर हुती म्हनून आनली. घिऊन जावा."

आबाचा हात काही पुढे होईना. बाळाची बहीण पंकजा, तुझ्याच वयाची, गोधडीवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो निळा तुकडा कुनाच्या लुगड्याचा?"

"माझ्या नातीच्या आईच्या साडीचा. ती आता फोटोतच असते."

गोधडी तुझ्या पायाशी आहे. दूध झाकून ठेवलंय. घरातली घोंगडी घेऊन आबा पुन्हा तिकडेच गेलाय, लगेच येईल.

आणि पंकजाने काय केलं, सांगू? तिने बाळाला हलकेच उचलून आईच्या पदरात दिलं, निळ्या तुकड्यावर जरा वेळ गाल टेकला, आणि तोच तुकडा वर राहील अशी घडी घालून गोधडी आबाच्या हातांवर ठेवली.